बालवाङ्मयातील आकाश

२३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी चंद्रयान-३ चा 'विक्रम' लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात सुखरूप उतरला, आणि तेव्हापासून मुलांसाठी लिहिल्या जाणाऱ्या अवकाशविषयक मराठी पुस्तकांना जे भरते आले आहे ते अद्याप ओसरलेले दिसत नाही. २०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशु शुक्ला हे आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकात राहून परत आल्यावर त्यात आणखी भर पडली. ह्या पुस्तकांपैकी काही आमच्याकडे अभिप्रायार्थ आली, काही आम्ही होऊन मागविली, तर काही शाळांच्या कपाटांत चाळावयास मिळाली. पहिली ते चौथीच्या मुलांसाठी म्हणून लिहिलेली पंधरा-वीस पुस्तके ओळीने वाचून काढल्यावर आमच्या मनात एक साधा प्रश्न उरला. आता हे पुस्तक मिट आणि अंगणात जाऊन वर पाहा, असे ह्यांतील एकाही पुस्तकाने मुलाला का सांगू नये?

पुस्तकांची नावे आम्ही येथे घेत नाही. दोष एका लेखकाचा असता तर नाव घेणे कर्तव्य ठरले असते. परंतु तो आता एका लेखनपद्धतीचाच झाला आहे, आणि एकाला पुढे ओढून बाकीच्यांना मोकळे सोडणे न्यायाचे होणार नाही.

आम्ही ज्योतिर्विद नाही आणि शिक्षणशास्त्रज्ञही नाही. पुस्तकांतील शास्त्रीय माहिती बहुतांशी बिनचूक आहे व तिच्याविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती वाक्यांविषयी. फुलाच्या पाठाला फूल असते, पावसाच्या पाठाला खिडकीबाहेर पाऊस असतो. आकाशाच्या पाठाला मात्र बाईंचे बोलणे आणि पुस्तकातील वाक्य ह्यांवाचून दुसरे साधन जवळजवळ नसते, कारण तारा हातात देता येत नाही आणि शाळा भरते ती दिवसा. म्हणून हा पाठ इतर पाठांपेक्षा अधिक भाषेचा पाठ आहे. तो बिघडला तर त्याचा जाब वाङ्मयाच्या टीकाकाराने विचारावयास हवा, आणि प्रस्तुत लेखाचे प्रयोजन तेवढेच आहे.

प्रथम आकड्यांविषयी. बहुतेक पुस्तके आरंभीच सूर्य पृथ्वीपासून सुमारे १४ कोटी ९६ लक्ष किलोमीटर दूर असल्याचे सांगतात आणि वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह देतात. कोठे एक, कोठे तीन. संख्या मोठी असली की विस्मय आपोआप उत्पन्न होतो अशी लेखकांची समजूत दिसते. ज्या मुलाला शंभरापलीकडचे अंक नुकते कोठे येऊ लागले आहेत त्याच्या लेखी कोटी हा केवळ एक जड आवाज आहे. उद्गारचिन्हावरून त्याला इतकेच कळते की येथे नवल वाटलेच पाहिजे. मग ते नवल वाटल्याचे दाखवू लागते, आणि परीक्षेत तो आकडा बरोबर लिहिते.

हीच गोष्ट एका लिंबाने सांगता येते. पृथ्वी म्हणजे चार सेंटिमीटर व्यासाचे लिंबू मानले, तर चंद्र एका मोठ्या काबुली हरभऱ्याएवढा होतो, आणि तो लिंबापासून सुमारे सव्वा मीटरवर, म्हणजे लांब बाकाच्या दुसऱ्या टोकाला ठेवावा लागतो. बाईंनी आधी मुलांना विचारावे, हरभरा कोठे ठेवाल? बहुतेक मुले तो लिंबाला जवळजवळ चिकटवूनच ठेवतील, कारण आमच्या यच्चयावत पुस्तकांतील चित्रांत तो तेथेच काढलेला असतो. सूर्य तर वर्गात मावतच नाही. तो सुमारे साडेचार मीटर रुंदीचा गोळा होतो, आणि त्याला जवळजवळ अर्धा किलोमीटर दूर, मुलांच्या ओळखीच्या एखाद्या दुकानापाशी नेऊन उभा करावा लागतो. इतक्या दूरच्या गोळ्याने हे लिंबू तापावे! येथे आम्हांलाही उद्गारचिन्ह आवरले नाही. परंतु मुलाच्या तोंडून ते बाहेर पडावे एवढी पूर्वतयारी झालेली आहे. ढिगातील एका पुस्तकात लिंबू आहे हे न्यायाने सांगितले पाहिजे. पुढच्याच पानावर लेखकाला त्याचा विसर पडून आठही ग्रह आगगाडीच्या डब्यांसारखे एकमेकांस खेटून काढलेले आहेत, हेही सांगितले पाहिजे.

दुसरी खोड संवादाची. सर्वज्ञ काका किंवा नुकतेच निवृत्त झालेले आजोबा गच्चीवर बसलेले असतात आणि भोवती तीन-चार भाचरे-नातवंडे असतात. मुले प्रश्न विचारतात ते काकांना पुढचा परिच्छेद सुरू करता यावा म्हणून. खऱ्या मुलाचा प्रश्न असा वेळेवर येत नाही. तो आडवा येतो. चंद्र आमच्या गाडीबरोबर का धावतो? आकाश कोठून सुरू होते, आमच्या पत्र्यावरून का? ह्या प्रश्नांना आमच्या ढिगात कोठेही जागा नाही. वास्तविक पहिल्या प्रश्नाचे उत्तर खिडकीतच आहे: जवळचा खांब झर्रकन मागे जातो, शेतापलीकडचे झाड सावकाश जाते, लांबचा डोंगर जेमतेम सरकतो, आणि चंद्र इतका दूर आहे की तो मागे पडतच नाही. काकांना हे ठाऊक नसेल असे नाही. परंतु काकांना शनीच्या कड्यांकडे जावयाची घाई झालेली असते.

मध्यंतरी एका मराठी प्राथमिक शाळेत सकाळच्या सत्रात मागच्या बाकावर बसण्याचा योग आला. कृष्णपक्षातील षष्ठी-सप्तमीचा सुमार होता. बाई पुस्तकातील वाक्य मुलांकडून म्हणवून घेत होत्या: सूर्य दिवसा दिसतो, चंद्र रात्री दिसतो. खिडकीशी बसलेली एक मुलगी मध्येच म्हणाली, "बाई, चांदोबा अजून आहे की." आणि तो होता, पश्चिमेकडे, पातळ ढगाच्या तुकड्यासारखा पांढुरका, अर्ध्याहून थोडा मोठा. सगळ्या वर्गाने माना वळविल्या. बाईंनी खिडकीकडे पाहिले, पुस्तकाकडे पाहिले, आणि मग त्या म्हणाल्या, "तो राहिलाय चुकून. लिही तू, चंद्र रात्री दिसतो." मुलीने लिहिले.

त्या बाईंना बोल लावावा असे आम्हांस वाटत नाही. पन्नास मुले, चाळीस मिनिटे आणि तपासनिसाला दाखवावयाच्या वह्या ह्यांच्यामध्ये उभ्या असलेल्या माणसाने छापील वाक्याचा आधार घेतला तर नवल नाही. अपराध आहे तो वाक्याचा. चंद्र उगवण्याची वेळ रोज सरासरी पन्नास मिनिटांनी पुढे जाते. महिन्याचा हिशेब केला तर तो दिवसाच्या आकाशात जवळजवळ रात्रीइतकाच वेळ असतो. ज्या सकाळच्या शाळेत तारे दिसण्याची सोय नाही, तेथे कृष्णपक्षात आठवडाभर चंद्र मात्र खिडकीशी येऊन उभा राहतो, आणि आमचे पुस्तक मुलाला तो नाही म्हणून शिकविते. एका मुलीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट स्वतःच्या हाताने खोडली, हे त्या तासाचे फलित. त्या मुलीने पुन्हा खिडकीकडे पाहिले की नाही ते आम्हांला दिसले नाही.

चंद्रोदय पुढे सरकतो हे मराठी घराला नवीन आहे काय? संकष्टीच्या रात्री आजी उपाशी असते, ताट वाढलेले असते, आणि घरातील सर्वांत लहान मूल चंद्र आला का ते पाहण्यासाठी दहा वेळा गच्चीवर धावते. कोजागरीला दिवस मावळताच वर आलेला चंद्र चार दिवसांनी संकष्टीला नऊ वाजेपर्यंत का रेंगाळतो, हा प्रश्न त्या मुलाच्या पोटातच असतो. चंद्रोदयाची वेळ दिनदर्शिकेत छापलेली असते, तीही गावागावांची निराळी. हैदराबादेत चंद्र पणजीपेक्षा सुमारे पाव तास आधी उगवतो. म्हणजे हैदराबादची आजी जेवावयास बसली की पणजीची आजी आणखी पाव तास थांबते. पृथ्वी गोल आहे आणि ती पूर्वेकडे फिरते, ह्याचा पुरावा स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेला असताना आमचे बालवाङ्मय तो दूरच्या बंदरातील जहाजाच्या शिडात शोधीत बसते!

आता शब्दांकडे वळू. ह्या विषयाचे नावच पाहावे. 'अवकाश' हा शब्द आम्ही मोठ्या विश्वासाने मुखपृष्ठावर छापतो. मराठी घरात मुलाने तो ऐकलेला असतो तो 'पानं वाढायला अजून अवकाश आहे' अशा वाक्यात, म्हणजे वेळ ह्या अर्थाने. इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलाला तो शाळेच्या सूचनाफलकावर भेटतो आणि तेथे हिंदीत त्याचा अर्थ सुट्टी असा असतो. बेळगावच्या मुलाला शेजारच्या कन्नडमध्ये व हैदराबादच्या मुलाला तेलुगूत तो संधी ह्या अर्थाने ऐकू येतो. एका वडोदऱ्याच्या मुलाला मात्र गुजरातीत तो आमच्याच अर्थाने मिळतो. एवढ्यावरून तो शब्द टाकून द्यावा असे आम्ही म्हणत नाही. तो रूढ झालेला आहे, सुटसुटीतही आहे. परंतु महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मुलापुढे तो ठेवताना एक वाक्य अधिक खर्च करावे लागते, आणि ते वाक्य आम्हांला एकाही पुस्तकात आढळले नाही. गोव्यात तर आणखी एक पेच आहे. तेथील मुलाच्या घरच्या बोलीत एकेका ताऱ्यालाही 'नखेत्र' म्हणतात. मराठी पुस्तकातील 'नक्षत्र' म्हणजे ताऱ्यांचा समूह. बाईंनी नक्षत्र दाखवा म्हटले की मूल एका चांदणीकडे बोट करते, आणि ते चुकले असे ठरते. ते चुकलेले नाही. त्याच्या भाषेत ते बरोबर आहे.

परिभाषेचा दुसरा नमुना 'परिवलन' आणि 'परिभ्रमण' ह्या जोडीचा. पृथ्वी स्वतःभोवती फिरते ते परिवलन, सूर्याभोवती फिरते ते परिभ्रमण. हे शब्द कोणा विद्वानाने विचारपूर्वक योजिले असतील ह्याविषयी आम्हांला शंका नाही; परंतु ते इतके एकसारखे दिसतात की मोठी माणसेही क्षणभर अडखळतात, आणि मुले तर गुण मिळविण्यासाठी ते पाठ करून आठवड्याने त्यांची अदलाबदल करतात. मराठीत मुलाच्या अंगात मुरलेले दोन शब्द ह्या दोन गतींसाठी तयार आहेत: गिरकी आणि प्रदक्षिणा. भोवरा गिरकी घेतो, नाच करणारी मुलगी गिरकी घेते, आणि देवळात आजीचे बोट धरून आपण प्रदक्षिणा घालतो. ह्या दोहोंची अदलाबदल कोणतेही मूल करणार नाही.

ह्या शब्दांचा उपयोग केवळ नावापुरता नाही. त्यांनी विचारही पुढे नेता येतो. चंद्राची एकच बाजू आपल्याला नेहमी दिसते, तेव्हा तो स्वतःभोवती फिरतच नसावा अशी गैरसमजूत पुष्कळ सुशिक्षितांचीही असते. मुलाला तुळशीवृंदावनाभोवती, तोंड सतत तुळशीकडे ठेवून, आडव्या पावलांनी एक फेरी घालावयास सांगावे. फेरीत त्याच्या पाठीमागे काय काय येऊन गेले ते मग विचारावे: आधी विहीर, मग गोठा, मग जिना, मग दार. चारही दिशांना पाठ फिरली, म्हणजे एका प्रदक्षिणेत त्याची स्वतःचीही एक गिरकी पुरी झाली. तुळशीला मात्र त्याचे तोंडच दिसत राहिले. परिवलन-परिभ्रमणाचा काल समान असतो, हे वाक्य पुढे सातवीत-आठवीत खुशाल येऊ द्यावे. ते येईल तेव्हा त्याच्याखाली पाय असतील.

येथे आमच्यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. घरगुती शब्दांना घरगुती समजुती चिकटलेल्या असतात. 'नवग्रह' हा शब्द घ्या. देवळातील नवग्रहांत सूर्य आहे, चंद्र आहे, राहू-केतू आहेत, आणि पृथ्वी नाही. पुस्तकातील ग्रहही पुष्कळ वर्षे नऊच होते, कारण १९३० साली सापडलेला प्लूटो त्यांत धरला जाई. २००६ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने त्याला बटुग्रहांत घातल्यावर ते आठ झाले. ह्या दोन नवांची गल्लत आमच्या पिढीने आयुष्यभर केली. तेव्हा जुने शब्द आणि जुन्या कथा बाजूस सारून स्वच्छ पाटीवर नवी अक्षरे काढावीत, असे म्हणणाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

परंतु पाटी स्वच्छ नसतेच. १९९२ साली व्होस्नियाडू आणि ब्रूअर ह्या संशोधकांनी अमेरिकेतील मुलांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. पृथ्वी गोल आहे असे घडाघडा सांगणारी मुले चित्र काढावयास लावल्यावर कोणी तिला पोकळ चेंडू करून माणसांना आत सपाट जमिनीवर उभे करीत, तर कोणी दोन पृथ्व्या काढीत: एक आपली, पायाखालची, आणि दुसरी पुस्तकातली, आकाशात टांगलेली. १९९६ साली ह्याच जातीचा अभ्यास समरपुंगवन ह्यांच्यासह हैदराबादेतील मुलांवर प्रसिद्ध झाला, आणि तेथे पृथ्वी पाण्यावर आधारलेली आहे ही लोककथेतील कल्पना मुलांच्या उत्तरांत उतरलेली दिसली. म्हणजे पुस्तकाने कथेला हाकलले तरी ती जात नाही. ती पुस्तकातील वाक्याच्या शेजारी निमूटपणे राहते, आणि मूल परीक्षेत एक पृथ्वी लिहून घरी दुसऱ्या पृथ्वीवर नांदते. पुढे काही संशोधकांनी ह्या अभ्यासांवरच टीका केली. प्रश्नांची शब्दयोजना आणि चित्र काढण्याची अट ह्यांमुळेच मुले गोंधळली, असे त्यांचे म्हणणे. तयार चित्रे किंवा गोळे पुढे ठेवून निवडावयास सांगितले तेव्हा उत्तरे पुष्कळ सुधारली. हा वाद विद्वानांनी मिटवावा. आमच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट ही की दोन्ही पक्ष अखेर प्रश्नाच्या भाषेपाशीच येऊन थांबतात.

कथांविषयी आमचे मत म्हणून असे आहे. कथा खरी की खोटी हे लहान मुलाच्या बाबतीत पहिले परीक्षण नव्हे. ती मुलाला पाहावयास पाठविते की पाहण्यापासून परतविते, हे पहिले. ध्रुवाची कथा पाठविते. तो ढळत नाही असे तीत सांगितलेले आहे. तेव्हा संध्याकाळी एकदा आणि निजण्यापूर्वी एकदा घराच्या त्याच कोपऱ्यावरून पाहून ये, ढळतो का. व्याधाने मृगाला मारलेला बाण पाठवितो. तीन तारे ओळीत सापडले की मूल ते जन्मभर विसरत नाही. राहूची कथा मात्र दारे लावून घ्यावयास सांगते, आणि म्हणून ग्रहणाच्या पाठात तिला आमच्या मते स्थान नाही. तिची टवाळीही करू नये. टवाळी केली की मूल आजीची बाजू घेते, आणि ते त्याने घ्यावे हेच बरे. चांदोमामा हा मामा आहे ह्यालाही आमची हरकत नाही. हरकत आहे ती हल्लीच्या त्या रूपककथांना, ज्यांत सूर्य राजा असतो आणि ग्रह त्याच्या भयाने त्याच्याभोवती फिरतात. ही पुराणातली कथा नाही, लोकांतलीही नाही. ती लेखकाने टेबलाशी बसून तयार केलेली आहे, आणि तिच्यात चुकीचे कारण शास्त्राच्या वेषात येते.

मृगाच्या बाबतीत तर आमच्या लेखकांनी हातचे धन गमाविले आहे. ७-८ जूनच्या सुमारास घरोघरी 'मृग लागला' असे म्हणतात. मृग लागला म्हणजे सूर्य आकाशाच्या त्या भागात गेला. साहजिकच त्या दिवसांत मृगाचे तारे सूर्याच्या उजेडात बुडालेले असतात आणि दिसत नाहीत. तेच तारे माघात दिवेलागणीनंतर डोक्यावर लखलखत असतात. ज्या नक्षत्राचे नाव पावसाळ्याच्या तोंडी सर्वांच्या जिभेवर असते ते नेमके तेव्हाच का दिसू नये, आणि थंडीत कोणी त्याचे नाव काढीत नाही तेव्हा ते का दिसावे? पृथ्वी सूर्याची प्रदक्षिणा करते, हे वाक्य ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणून आले तर ते मुलाचे होते. आमच्या ढिगातील पुस्तकांत मृग आहे, परंतु त्याला त्याच्या ग्रीक नावाने 'ओरायन' म्हटलेले आहे, आणि जून महिन्याशी त्याचा संबंध लेखकाच्या गावीही नाही.

मराठीत ह्या लेखनाला परंपरा नाही असे कोणी समजू नये. शंकर बाळकृष्ण दीक्षित ह्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास' हा १८९६ चा ग्रंथ विद्वानांना ठाऊक असतो; परंतु त्याच शिक्षकाने सामान्य वाचकासाठी 'ज्योतिर्विलास' लिहिले, आणि त्याला 'रात्रीची दोन घटका मौज' असे दुसरे नाव दिले, हे आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. ते पुस्तक लहान मुलांचे नव्हे, त्याची भाषाही आज जड वाटेल. पण नाव पाहावे. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे, म्हणजे शाळेचा जेमतेम एक तास. तो रात्रीचा असावा आणि त्यात मौज असावी, एवढी जाण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातील एका मास्तरास होती. त्यानंतर एवढ्या वर्षांत आम्ही दिवसाच्या तासात रात्रीची माहिती कोंबण्यापलीकडे काय केले?

जयंत नारळीकर (१९३८-२०२५) ह्यांची गोष्ट निराळी. त्यांच्या विज्ञानकथांचे गुणदोष ह्या लेखाच्या कक्षेत येत नाहीत. 'आकाशाशी जडले नाते' हेही मोठ्या मुलांचे व प्रौढांचे पुस्तक आहे. त्यांच्या मराठी गद्याचा एक विशेष मात्र बालवाङ्मयकारांनी अभ्यासावा असा आहे: ते आवाज चढवीत नाहीत. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल ह्यांच्याबरोबर विश्वरचनेवर काम केलेला मनुष्य अंक सांगताना वाचकाला दिपवू पाहत नाही, तो अंक कोठून आला ते सांगतो. आणि त्यांची एक रीत तर सर्वश्रुत आहे. स्वाक्षरीसाठी वही पुढे करणाऱ्या मुलांना ते सांगत की, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. काकांच्या संवादांत प्रश्न उत्तराच्या सोयीसाठी जन्मतो. येथे उत्तर देणाऱ्याला मुलाच्या प्रश्नाची वाट पाहावी लागे, आणि त्या प्रश्नाला पत्ता आणि तिकीट असे. असे प्रश्नच आधी धरून कोणी पुस्तक रचील तर ते आमच्या ढिगाहून फार वेगळे होईल.

आता ज्यासाठी हा लेख ह्या पत्रिकेत लिहिला त्या गोष्टीकडे येतो. आमच्या गावांतून मराठी शाळांचे काय होत आहे ते वाचकांना नव्याने सांगावयास नको. पणजी-बेळगावपासून ग्वाल्हेरपर्यंत आमची मुले बहुधा दुसऱ्याच माध्यमात शिकतात, आणि मराठी त्यांच्या वाट्याला येते ती घरात, सणावारी आणि रविवारच्या वर्गात. मराठीतून आम्ही त्यांना अभंग देतो, शिवाजीमहाराज देतो, पुरणपोळीची कृती देतो. ह्यांत उणे काही नाही. परंतु जग कसे चालते हे विचारण्याची भाषा इंग्रजी किंवा हिंदी, आणि आजीशी बोलण्याची भाषा मराठी, अशी वाटणी आठव्या वर्षी एकदा झाली की ती पुन्हा मोडत नाही. आकाश हा असा एक विषय आहे की त्याची सामग्री आजीजवळच आहे: तिथी, संकष्टी, मृग, ध्रुव, शुक्राची चांदणी. तो जर आम्ही परिवलन-परिभ्रमणाच्या तोंडी देऊन मुलाला कंटाळा आणला, तर ते मूल तोच पाठ दुसऱ्या भाषेत आनंदाने शिकेल, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार आम्हांला राहणार नाही.

शिवाय आमच्या गावांच्या पसाऱ्यात एक सोय आहे, ती एकट्या पुण्याला नाही. हात सरळ पुढे धरला असता मिटलेली मूठ आकाशाचे सुमारे दहा अंश झाकते. मुलाची मूठ लहान, पण हातही त्याच मानाने आखूड, म्हणून माप बिघडत नाही. पणजी किंवा बेळगावच्या मुलाला ध्रुव क्षितिजापासून दीड मुठीवर सापडेल, हैदराबादच्या मुलाला त्याहून किंचित वर, वडोदरा-इंदूरच्या मुलाला सव्वादोन मुठींच्या आसपास, आणि ग्वाल्हेरच्या मुलाला अडीच मुठींच्याही थोडा वर. ही मापे चुलतभावंडांनी एकमेकांस पत्राने कळविली तर गोल पृथ्वीचा पाठ निम्मा झाला. दुपारच्या सावलीचेही तसेच. पणजी-बेळगावात मेच्या पहिल्या आठवड्यात, हैदराबादेत मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि वडोदरा-इंदुरात जूनच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस असा येतो की भर मध्यान्ही उभ्या काठीला सावलीच राहत नाही. (दक्षिणेत तेव्हा शाळांना सुट्टी असते, आणि तो योग ऑगस्टमध्ये परत येतो तेव्हा बहुधा ढग असतात. निसर्गाने वेळापत्रक पाहिलेले दिसत नाही.) उज्जयिनीस २१ जूनच्या सुमारास सावली नाहीशीच होते म्हणावयास हरकत नाही. ग्वाल्हेरला मात्र हे कधीच घडत नाही; तेथे वर्षातील सर्वांत मोठ्या दिवशी, म्हणजे अर्थात सर्वांत आखूड सावलीच्या दिवशीही, मीटरभर काठीची सुमारे पाच सेंटिमीटर सावली उत्तरेकडे उरतेच. ग्वाल्हेरच्या मुलाने इंदूरच्या मावसभावाचे पत्र वाचून त्याला खोटे ठरवावे, आणि मग दोघांनी भांडण वडिलांकडे न्यावे, असे आम्हांला फार वाटते.

उज्जयिनीची वेधशाळा तर आमच्या माळव्यातील मंडळींच्या दारातच आहे. सवाई जयसिंहाने ती अठराव्या शतकात बांधली, आणि १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांच्या कारकीर्दीत तिचा जीर्णोद्धार झाला. तेथील सम्राट यंत्राची भिंत म्हणजे ध्रुवाकडे रोखलेला एक दगडी जिना आहे, आणि तिची सावली कोरलेल्या खुणांवरून सरकताना मूल उभ्या उभ्या वेळ वाचू शकते. सहली तेथे पुष्कळ जातात. परत आल्यावर मुलांनी लिहिलेले काही निबंध आम्ही पाहिले. त्यांत यंत्रांची नावे होती, बांधणाऱ्याचे नाव होते, डब्यात काय नेले होते तेही होते. किती वाजले होते ते एकातही नव्हते.

तेव्हा आमची एक सूचना आहे, आणि ती लेखकांपेक्षा वाचकांना अधिक आहे. ज्यांच्या घरी किंवा वर्गात सहा ते दहा वर्षांची मुले आहेत त्यांनी येत्या थंडीत ध्रुवाची उंची मुलांकडून मुठींत मोजवून घ्यावी, आपल्या गावी एक मीटरच्या काठीची मध्यान्हीची सावली महिन्यातून एकदा मोजवावी, आणि शाळेच्या वेळात चंद्र ज्या ज्या सकाळी दिसला त्या तारखा मुलांच्याच अक्षरांत लिहवून घ्याव्यात. मापे चुकली तरी चालतील. शब्द मुलांचेच असावेत. नखेत्र म्हटले असेल तर नखेत्रच राहू द्यावे. हे कागद पत्रिकेच्या पत्त्यावर गावाच्या नावानिशी पाठविले, तर संपादकांकडून एका अंकाची काही पाने मागून घेण्याचे आम्ही पत्करतो. त्या सकाळच्या शाळेतील बाईंनाही आम्ही स्वतंत्र पत्र लिहिले आहे.